लग्नानंतरचा पहिला रविवार

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आंतरधर्मीय लग्नांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुतेक वेळा लग्नापाशीच संपते. घरचा विरोध, कोर्टातली नोटीस, कुणी पळून गेले, कुणी परत आणले. गळ्यात हार पडले की बातमी संपली. पण ज्या घरात एकाचा ख्रिस्तावर विश्वास आहे आणि दुसऱ्याचा नाही, तिथला खरा प्रश्न लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सुरू होतो. एकीला साडेआठच्या उपासनेला पोहोचायचे असते, आणि दुसऱ्याला आठवड्यातल्या एकुलत्या एका सुट्टीच्या सकाळी तिला गाडीवर बसवून तर्री-पोहे खायला न्यायचे असते. चूक कुणाचीच नसते, तरी सोमवारपर्यंत दोघे बोलत नाहीत.

नागपुरातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांत लग्नाआधी आणि लग्नानंतर जोडप्यांशी बोलण्याचे काम आम्ही काही जण करतो. देव आहे की नाही यावरून भांडण होऊन मोडलेले घर शोधून सापडायचे नाही. रविवार कुणाचा, दशमांश (चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग) कुठल्या पगारातून, महालक्ष्मीचा नैवेद्य कुणी दाखवायचा, पोराचा बाप्तिस्मा करायचा का, गेल्यावर पुरायचे की जाळायचे, हे वेळेवर न ठरवल्याने घरे मोडतात. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

आधी एका शब्दाविषयी. चर्चमध्ये सर्रास ‘अविश्वासी नवरा’, ‘अविश्वासी बायको’ असे म्हणतात. मराठी कानाला तो शब्द अविश्वासूच्या, म्हणजे दगाबाजाच्या जवळ जातो. भर पावसात बायकोला चर्चच्या फाटकापर्यंत सोडून जाणाऱ्या माणसाने आपल्याविषयी हा शब्द ऐकला, तर तो पुढच्या वेळी कोपऱ्यावरूनच गाडी वळवेल. विश्वासात नसलेला म्हणा, नाहीतर सरळ नावाने बोला.

अशी घरे एकाच तऱ्हेची नसतात, आणि सल्ला देणारे पहिली चूक इथेच करतात. काही घरांत जोडीदार दुसऱ्या धर्माचा आणि आपल्या धर्मात श्रद्धेने राहणारा असतो. काही घरांत दोघेही जन्माने ख्रिस्ती, पण एकाचा विश्वास उरलेला नसतो. तो नाताळला सूट घालून येतो आणि मग वर्षभर दिसत नाही. याविषयी कुणी बोलत नाही, कारण मंडळीच्या रजिस्टरात दोघांचीही नावे असतात. तिसऱ्या तऱ्हेत लग्नाच्या वेळी दोघेही ख्रिस्ती नसतात आणि पुढे एकटा विश्वासात येतो. हे सगळ्यात अवघड. दुसऱ्याने ज्या माणसाशी लग्न केले तो माणूसच त्याला न विचारता बदललेला असतो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली, आणि मधल्या काळात बरीच वर्षे दोघे वेगळे राहिले. इतक्या प्रेमाच्या जोडप्याला पाच वर्षे लागली, तिथे ‘सहा महिने प्रार्थना करा, तुमचे मिस्टर येतील’ असे सांगणाऱ्याने जरा दमाने घ्यावे.

बायबलमधले प्रेषित पौलाचे जे वचन अशा घरांना नेहमी ऐकवले जाते, करिंथकरांस पहिले पत्र, सातवा अध्याय, ओव्या १२ ते १६, ते मुळात या तिसऱ्या तऱ्हेच्या घरांसाठी आहे. जोडीदार एकत्र राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका, हे त्यातले एक वाक्य सगळ्यांना पाठ असते. सोळावी ओवी कुणी वाचत नाही. तुझ्यामुळे नवऱ्याचे तारण होईल हे तुला काय ठाऊक, असा प्रश्न तिथे पौलच विचारतो. म्हणजे जोडीदाराचे तारण हे तुमच्या अंगावर टाकलेले काम नव्हे. करिंथकरांसच्या दुसऱ्या पत्रातले, विश्वासात नसलेल्यांशी ‘विजोड’ होऊ नका, हे वचन लग्न ठरण्याआधी सांगितले तर निदान उपयोगाचे. दोन पोरे झाल्यावर व्यासपीठावरून ते ऐकवणे म्हणजे घर बांधून झाल्यावर प्लॉट चुकला म्हणण्यासारखे आहे.

आता कायद्याचे, कारण इथली चूक वीस वर्षांनी वर येते. ख्रिस्ती मुलगी आणि हिंदू किंवा बौद्ध मुलगा यांनी देवळात नाहीतर बौद्ध पद्धतीने लग्न लावून ते हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवले, तर कायद्याने ते लग्नच नव्हे. १९५५ च्या त्या कायद्याला दोन्ही पक्ष हिंदू लागतात. त्यात बौद्ध, जैन, शीख येतात, ख्रिस्ती येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केले आहे. रस्ते दोनच. एक, भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२. त्याला दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरते. मात्र लग्न लावणाऱ्याला तो अधिकार हवा, आणि विशेष परवान्याखेरीज लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळातच लागते. भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या मंडळीच्या पास्टरकडे परवाना असतोच असे नाही. पत्रिका छापण्याआधी तो कागद डोळ्यांनी पाहावा. दुसरा रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात नोटीसच्या आधी सलग ३० दिवस वास्तव्य, नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस, लग्नाला तीन साक्षीदार, आणि नोटीसच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर सगळे पहिल्यापासून.

या दुसऱ्या रस्त्याने गेलेल्या हिंदू किंवा बौद्ध मुलाला एक गोष्ट कुणीच सांगत नाही. जोडीदार ख्रिस्ती असेल तर लग्नाबरोबर तो एकत्र कुटुंबातून कायद्याने वेगळा होतो आणि त्याच्या मिळकतीला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्या कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर विधवेला एकतृतीयांश आणि मुलांना दोनतृतीयांश. मृत्युपत्र करावेच, आणि लग्नानंतर करावे. या कायद्याखाली लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होते. साक्षीदार दोन लागतात. ज्याला काही द्यायचे आहे त्याची किंवा त्याच्या नवरा-बायकोची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये. सही चालते, पण त्याला दिलेले उडते.

जोडीदाराला पुढे स्वतःहून बाप्तिस्मा घ्यावासा वाटला, तर त्यालाही कागदाची बाजू आधी कळायला हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती माणसाशी लग्न केल्याने तो जात नाही, ख्रिस्ती झाल्याने जातो. अनुसूचित जमातीला धर्माची ही अट नाही. हिंदू वारसा कायद्याचे २६ वे कलम असे की, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू आजोबा-काकांच्या मिळकतीत वारसाहक्क मिळत नाही, वारसा उघडताना ती मुले स्वतः हिंदू असतील तरच मिळतो. हे लपवून ठेवून पाण्यात उतरवणारा पाळक आपल्याच माणसाला फसवतो. बाप्तिस्मा करायचा पण नोंद करायची नाही, ही तडजोड त्याहून वाईट.

चर्चच्या दारातही गैरसमज फार. कॅथलिक मुलीला बाप्तिस्मा न झालेल्या मुलाशी चर्चमान्य लग्न करायचे तर बिशपांकडून सूट घ्यावी लागते, ज्याला डिस्पेन्सेशन म्हणतात; दुसऱ्या पंथाच्या बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती मुलाशी असेल तर परवानगी. सूट मिळण्याआधी कॅथलिक पक्षाने वचन द्यायचे असते की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व वाढ कॅथलिक श्रद्धेत व्हावी म्हणून माझ्याकडून होईल ते सर्व करीन. हे वचन कॅथलिक पक्षाचे एकट्याचे असते. दुसऱ्याने सही करायची पद्धत १९७० साली गेली. तरी नागपुरात आजही ‘जावयाकडून चर्चवाल्यांनी लिहून घेतले’ असे व्याही सांगतात, आणि दोष आपल्याच लोकांचा आहे. दुसऱ्या पक्षाला या वचनाची माहिती वेळेत द्यावी असा नियमच आहे, आणि ती माहिती हळद लागायच्या आठवड्यात, फादरांच्या ऑफिसात, उभ्या उभ्या दिली जाते. मग त्या मुलाला वाटते ते साहजिकच आहे. अर्ज करायच्या दिवशीच दोघांनी शेजारी बसून ते वचन मोठ्याने वाचावे. मुलगा ‘मला हे चालणार नाही’ म्हणाला, तर ते तेव्हाच कळलेले बरे.

अशा लग्नाला मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पूर्ण उपासना, न ठेवता शब्दविधीने, म्हणजे बायबलवाचन आणि प्रार्थनांनी, लग्न लावण्याचा वेगळा विधी आहे. तो मागून घ्यावा. मिस्सा ठेवली की ख्रिस्तप्रसादाच्या वेळी नवरदेव आणि त्याच्याकडची सगळी माणसे बाकांवर बसून राहतात. आपल्याच लग्नात परके होण्याची ती दहा मिनिटे पुढे कितीतरी वर्षे पुरतात.

रविवारकडे परत येऊ. हिशेब मांडून पाहावा. उपासना दीड तास, जाणे-येणे आणि नंतरचा चहा एक तास, बुधवारची घरगुती प्रार्थनासभा दोन तास, शुक्रवारची उपास-प्रार्थना दोन तास, झाले साडेसहा. दोघेही नोकरीला असले की आठवड्यात एकमेकांसाठी मोकळा वेळ जेमतेम दहा-बारा तास उरतो, त्यातला अर्ध्याहून जास्त असा गेला. जोडीदाराची तक्रार देवाविरुद्ध नसते, या साडेसहा तासांविरुद्ध असते, आणि ती ‘सैतान अडवतोय’ म्हणून मोजली जाते. आमचा सल्ला असा की रविवारची उपासना सोडू नये, आठवड्यातली आणखी एक सभा ठेवावी, बाकीचे घरी विचारून. साडेदहाला येते म्हटले तर साडेदहाला यावे. चहाच्या वेळी पास्टोरेट कमिटीचे (चर्चच्या कारभारी मंडळाचे) राजकारण ऐकत उभे राहून साडेबारा झाले, की पुढच्या रविवारी निघतानाच कुरकुर सुरू. कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. महिन्यातून एकदा ती घ्यावी आणि रविवारची सकाळ मोकळी सोडावी. रविवारचे मटण असेल तर वाटण शनिवारी रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवावे. हे लिहिताना थोडे हसू येते, पण ‘तुझ्या चर्चमुळे जेवायला तीन वाजतात’ हे वाक्य फार घरांत ऐकू येते, आणि त्यावर उपाय आध्यात्मिक नाही.

पैशाचे त्याहून नाजूक. दशमांश आपल्या कमाईचा असतो. नवऱ्याचे पंचेचाळीस आणि बायकोचे तीस हजार येत असतील आणि विश्वास बायकोचा असेल, तर दशमांश तीन हजार. साडेसात नव्हे. कमावणारा एकटा नवराच असेल आणि तो विश्वासात नसेल, तर दोघांनी बसून दर महिन्याची एक रक्कम ठरवावी, मग ती दोनशे रुपये का असेना. किराण्यातून वाचवून, न सांगता दिलेले दान म्हणजे घरातली चोरी, पाकिटावर काही का लिहिलेले असेना. आता तर यूपीआयमुळे ते लपतही नाही. बँकेचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर आधी वाजतो. आणि त्याने गणपतीची वर्गणी दिली तर तोंड वाकडे करू नये.

सण. नागपूरकडच्या घरात सगळ्यात मोठी कसोटी दिवाळीची नसते, महालक्ष्म्यांची असते. तीन दिवस. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी बोळवण. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, आणि घरची सून म्हणून पहिली हाक तिला. ऐनवेळी, मुखवटे मांडलेले असताना आणि चुलतसासवा पाटावर बसलेल्या असताना, ‘मला हे चालत नाही’ म्हणणे हे सासूच्या दृष्टीने अपमान आहे, आणि तसे तिला वाटले तर ती चुकत नाही. पंधरा दिवस आधी सांगायचे, आणि सुनेने नव्हे, मुलाने आपल्या आईला सांगायचे. ज्याची आई त्याने बोलावे, हा नियम उलट्या बाजूनेही तसाच.

आणि सांगताना काय करणार नाही याच्या आधी काय काय करणार ते सांगावे. सोळा भाज्या निवडणे-चिरणे, आंबील ढवळणे, पुरण वाटणे, पंगतीला वाढणे, आल्यागेल्याला पाणी देणे, रात्री भांडी. आरतीचे ताट हातात घेणे, नैवेद्य दाखवणे, नवऱ्याबरोबर पूजेला बसणे हे तिला जमणार नाही. ते मोठ्या जाऊबाई करतील. असे वाटून घेतले की तिसऱ्या दिवशी सासूच शेजारणीला सांगते, ‘आमची सून देवापुढे बसत नाही, पण आंबील तिच्याच हातची.’

प्रसादाचे काय, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल दोन्ही बाजू सांगतो. जेवायला बोलावले तर पुढे येईल ते चौकशी न करता खा. पण हे देवाला वाहिलेले आहे असे कुणी मुद्दाम सांगितले तर त्याच्यासाठी खाऊ नका. त्यामुळे श्रद्धावंत ख्रिस्ती माणसे दोन्ही तऱ्हांनी वागताना दिसतात, आणि कुणी खाल्ले म्हणून त्याचा विश्वास पातळ झाला असे म्हणण्याचा अधिकार शेजारच्या बाकावरच्याला नाही. खायचे नसेल तर आधी घरात सांगून ठेवावे म्हणजे ताटात वाढलाच जात नाही. समोर आलाच तर दोन्ही हातांनी घेऊन नवऱ्याच्या हातात द्यावा. घ्यायचा आणि मागच्या दाराने तुळशीच्या कुंडीत टाकायचा, हे मात्र कधी करू नये. ते कुणीतरी पाहतेच.

उलट बाजूने विचार कमी होतो. बायको हिंदू आणि घर ख्रिस्ती असेल तर श्रावणात रविवारचे मटण त्याच कढईत करायचे का? एक कढई आणि एक पळी वेगळी ठेवायला दोनशे-चारशे रुपये लागतात. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, शुक्रवारी आपण मांसाहार करणार नाही, तर तिने का करू नये? तिच्यासाठी करावे.

नागपुरात विश्वासात नसलेला जोडीदार म्हणजे हिंदूच, असे धरूनही चालत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या या शहरात तो बौद्ध असण्याचा संभव मोठा. तिथे भांडणाची जागाच वेगळी. प्रसादाचा प्रश्न येत नाही, कारण समोर दुसरा देवच नाही. तिथे खटकते ते ‘देवाच्या कृपेने नोकरी लागली’ हे वाक्य. वस्तीतून पहिला इंजिनियर झालेल्या माणसाला ते आपल्या आईच्या राबण्यावर बोळा फिरवल्यासारखे लागते. जेवणाआधीची प्रार्थना मनातल्या मनात, पंधरा सेकंदांत उरकावी, वरण निवेपर्यंत लांबवू नये, आणि आभार मानताना ज्याने राबून आणले त्याचेही तोंडाने मानावेत. विजयादशमीला तो दीक्षाभूमीवर जाणार असेल तर डबा बांधून द्यावा, शक्य असेल तर बरोबर जावे. तिथे जाऊन अभिवादन केल्याने कुणाचा बाप्तिस्मा पुसला जात नाही.

मुलांविषयी. बाळाच्या बाप्तिस्म्याला कॅथलिक नियमाने आई-बापांपैकी निदान एकाची संमती लागते. म्हणून एकाच्या संमतीवर, दुसरा टूरवर असताना, आजीने नातवाला चर्चमध्ये नेऊन उरकले, असे होऊ शकते. होऊ देऊ नये. बापाला ते फेसबुकवरच्या फोटोतून कळते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत एक सोय आहे तिचा उपयोग फार कमी लोक करतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ते चर्च झाले. त्यात बालबाप्तिस्मा मानणारे होते तसे मोठेपणी, स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्टही होते, म्हणून घटनेतच दोन्ही पद्धती मान्य झाल्या. एकमत होत नसेल तिथे बाळाचे अर्पण करून आशीर्वाद मागावा आणि बाप्तिस्मा मुलाच्या कळत्या वयावर सोडावा. ही पळवाट नाही, मान्य पद्धत आहे.

पण खरा घाव बसतो तो सातव्या-आठव्या वर्षी. संडे स्कूलमध्ये टीचर सांगतात की येशूवर विश्वास न ठेवणारे नरकात जातात. पोरगी घरी येते. दुपारी पप्पांच्या ताटात स्वतःचा लाडू टाकते. रात्री दिवा घालवला की आईला विचारते, पप्पा जातील का? आईने इथे थाप मारू नये आणि न्यायाधीशही होऊ नये. ‘ते देव ठरवतो, टीचर नाही आणि मी पण नाही, पप्पांवर देव तुझ्याहून जास्त माया करतो’ एवढे पुरते, आणि ते ख्रिस्ती शिकवणुकीला धरून आहे. दुसऱ्या दिवशी टीचरला फोन करून वर्गात कुणाकुणाचे आई-बाबा विश्वासात नाहीत हे सांगावे. अशा घरातल्या मुलांना तीमथ्याची गोष्ट मुद्दाम सांगावी. त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांची नावे पौलाने पत्रात घेतली आहेत. बाप ग्रीक होता, एवढेच प्रेषितांच्या कृत्यांत येते. त्याच्याविषयी वाईट एक अक्षर नाही. आणि पोराच्या तोंडून ‘पप्पा, चर्चला चला ना’ असा निरोप पाठवू नये. पप्पा आले तर पोरासाठी येतात, आणि नाही आले तर पोर हरते.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला, अशा बायकांना सल्ला आहे की नवऱ्याला वागणुकीने जिंकावे, शब्दांवाचून. ‘शब्दांवाचून’ यात फ्रिजवरची वचने, सकाळी साडेपाचला मोठ्याने लावलेली गायने आणि फॅमिली ग्रुपवर टाकलेली पाऊण तासाची प्रवचने हे सगळे आले, असे आम्ही समजतो.

मंडळ्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. प्रार्थनासभेत ‘आमच्या बहिणीच्या मिस्टरांसाठी प्रार्थना करा, ते फार पितात’ असे मोठ्याने सांगतात. मग नाताळला ते मिस्टर येतात तेव्हा शंभर माणसांना त्यांच्या बाटलीचा हिशेब ठाऊक असतो आणि ते प्रत्येकाच्या नजरेत त्यांना दिसते. बहिणीने स्वतःसाठी प्रार्थना मागावी, धीरासाठी, शहाणपणासाठी. नवऱ्याची गोष्ट पाळकाच्या कानात. पाळकाने घरी जाताना आधी फोन करावा, नवरा घरी असेल अशा वेळी जावे, आणि पहिल्या चार भेटींत त्याच्या कामाविषयी, संत्र्याच्या बागेविषयी, क्रिकेटविषयी बोलावे. पत्रके नेऊ नयेत. तो कधी उपासनेला आला तर ‘नवीन पाहुण्यांनी उभे राहावे’ म्हणून त्याला उभे करू नये. नाताळच्या आधी कॅरल गाणारी पोरे रात्री अकराला फ्लॅटमध्ये शिरतात त्याचीही आदल्या दिवशी कल्पना द्यावी. आत सासरे झोपलेले असतात.

मारहाण, चर्चला जायला बंदी, बायबल जाळणे, पगार काढून घेणे हे या पत्रातल्या कुठल्याच सल्ल्यात बसत नाही. ‘सोडू नका’ हे पौलाचे वचन त्यासाठी नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पाळकाने ‘सोस’ म्हटले तर पाळक बदलावा.

शेवटी मरणाविषयी, कारण याची तयारी कुणीच करत नाही. बायको ख्रिस्ती, रात्री दोनला दवाखान्यात गेली. नवऱ्याला पाळकाचा नंबर ठाऊक नाही. मंडळीची वर्गणी तीन वर्षे थकलेली आहे, आणि दफनभूमीत जागा मागितली की पहिला प्रश्न वर्गणीचा येतो. इकडे भाऊबंद सांगतात, मोक्षधाम जवळ आहे, सकाळी नऊला नेऊ. त्या माणसाचे डोके त्या वेळी ठिकाणावर नसते आणि सगळा निर्णय त्याच्या गळ्यात. कॅथलिकांना दहन चालते. पण राख नदी-तळ्यात सोडणे किंवा घरात ठेवणे चर्चला मान्य नाही, ती पवित्र जागी ठेवायची असते. त्यामुळे दहन झाले तरी अस्थी रामटेकच्या अंबाळ्यात न्यायच्या की नाही हा वाद तिसऱ्या दिवशी उभा राहतोच. नवरा आधी गेला तर उलटा प्रश्न. घाटावर तिने कुठे उभे राहायचे, दशक्रियेला बसायचे का, तेरवीचा खर्च कुणाचा. ती सगळीकडे हजर राहू शकते, रडू शकते, स्वयंपाक करू शकते, विधी दीर किंवा मुलगा करील. पण हे दिराशी आधी बोललेले असले तर. दोघांना शेजारी शेजारी मातीत जागा मिळेल का, हेही आपल्या दफनभूमीच्या कमिटीला जिवंतपणी विचारून ठेवावे.

त्यासाठी एक कागद पुरतो. चर्चचे नाव, सभासद क्रमांक, पाळकाचा आणि कमिटीच्या एका माणसाचा फोन, पुरायचे की दहन, घराण्याची कबर कुठे, कुठली दोन गायने, आणि खाली दोघांच्या सह्या. वर्गणीची शेवटची पावती त्याला टाचून. हा कागद बायबलमध्ये ठेवू नये, कारण ज्याला तो लागणार आहे तो बायबल उघडत नाही. विम्याच्या आणि गॅसच्या कागदांच्या फायलीत ठेवावा.

आपले,
विवाहपूर्व मार्गदर्शन करणारे काही ख्रिस्ती कार्यकर्ते,
सदर, नागपूर